शेडवरचे 40 वॅट कशासाठी लिहिलेले असतात?

पुणे-सातारा रस्त्यावरच्या कामथडीसारख्या गावात आता तारेचा पिवळा बल्ब क्वचितच दिसतो. 2015 मध्ये केंद्राची उजाला योजना सुरू झाली, एलईडी बल्ब स्वस्त झाले आणि पडवीपासून गोठ्यापर्यंत पोचले. बल्ब बदलले, टेबललॅम्प, भिंतीवरच्या शेडी आणि होल्डर मात्र पुष्कळ घरांत जुनेच राहिले. त्या शेडच्या आत 'कमाल 40 वॅट' अशी चिठ्ठी असते आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

एलईडीच्या खोक्यावर '9 वॅट, 60 वॅटइतका उजेड' असे छापलेले असते. शेड 40 ची, बल्ब 60 चा, म्हणजे शेड जळणार, असा हिशेब लोक करतात. तो चुकीचा आहे. शेडवरचा आकडा उजेडाचा नाही. बल्ब प्रत्यक्ष किती वीज खातो आणि त्यामुळे किती तापतो, त्याची ती मर्यादा आहे. तारेच्या बल्बमध्ये जेमतेम पाच टक्के विजेचा उजेड होतो, बाकी सगळी उष्णता. म्हणून 40 च्या शेडमध्ये खरा 60 चा बल्ब लावला की कापड करपते, होल्डर ठिसूळ होतो, वायरीचे आवरण कडक होऊन तडकते. एलईडी मात्र 9 च वॅट घेतो. रोज पाच तास लावला तर महिन्याला दीड युनिटही होत नाही. 60 च्या बल्बला नऊ युनिट लागायचे.

मग 40 च्या शेडमध्ये 30 वॅटचा एलईडी लावावा का? मुळीच नाही. 'एलईडी तापत नाही' हा यातला सगळ्यात महागात पडणारा समज आहे. तासभर जळलेला बल्ब बंद करून हात लावून पाहा. वरचा पांढरा घुमट कोमट असतो, पण खालची मान चांगलीच गरम लागते. त्या मानेतच वीज बदलून देणारे सर्किट आणि छोटा कपॅसिटर असतो. चारी बाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात ही उष्णता कोंडते आणि कपॅसिटर वेळेआधी मरतो. कंपनी खोटी निघाली असे आपण म्हणतो. पुष्कळदा जागा चुकलेली असते. बंद शेडला 5 ते 7 वॅट, टेबललॅम्पला 7 ते 9 आणि मोकळ्या होल्डरला मोठ्या खोलीसाठी 12 वॅट पुरतात. उजेड हवा तर खोक्यावरचे ल्युमेन वाचावे. 9 वॅटचा चांगला बल्ब 900 च्या आसपास देतो.

दिवाळीचा आकाशकंदील कागदाचा असतो. त्यात घरात उरलेला तारेचा बल्ब कधीच लावू नये. 3 ते 5 वॅटचा एलईडी भरपूर होतो, तोही कागदाला न टेकता. देवघरातल्या जुन्या 'झिरो'च्या बल्बबद्दलही एक समज पक्का आहे, की तो वीज खात नाही. तो दहा-पंधरा वॅट खातो. अर्ध्या वॅटचा एलईडी तेच काम करतो.

बटण बंद केल्यावरही एलईडी मिणमिणतो, तेव्हा बल्ब खराब आहे असे समजून फेकून देऊ नका. कधी बटणातल्या छोट्या लाल दिव्यामुळे तसे होते. पण पुष्कळदा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेले असते, म्हणजे बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज असते. तारेच्या बल्बने हा दोष वर्षानुवर्षे झाकून ठेवला, एलईडीने उघडा पाडला. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीजवळ, ओल्या हाताने असा बल्ब काढणे जिवावर बेतू शकते. वॅटच्या आकड्यापेक्षा मला याची काळजी जास्त वाटते.

खरेदी करताना खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह आणि आयएस 16102 हा क्रमांक शोधा. रस्त्यावरच्या ढिगातल्या बिननावाच्या बल्बवर तो बहुधा नसतो. भातलावणीच्या दिवसांत अंगणात पांढऱ्याऐवजी पिवळसर उजेडाचा बल्ब लावला, तर पाखरेही कमी येतात. आणि मिणमिणणारा बल्ब बदलण्याआधी मेन स्विच बंद करा, मग वायरमनला बोलावून बटण फेजवर घ्या.