कुलाब्याच्या नोंदवहीतले वादळ

खांदा कॉलनीच्या कडेला, कळंबोलीच्या महामार्गाजवळ, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे आवार आहे. नवीन पनवेल परिसरातल्या अनेक शिक्षकांनी जाता-येता तिची पाटी पाहिली असेल. आत नेमके काय चालते असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर मात्र 'पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास' एवढ्यावर उत्तर थांबते. उत्तर चूक नाही. पण या संस्थेकडे वारशाने आलेल्या जुन्या नोंदींतला एक आकडा गेली वीस-बावीस वर्षे खगोलशास्त्रज्ञ, वीज अभियंते, संगणकतज्ज्ञ आणि इतिहासाचे अभ्यासक अशा निरनिराळ्या मंडळींना कामाला लावून बसला आहे. तो आकडा आहे १६००. त्याचा अर्थ कसा लावायचा यावर अजून एकमत नाही; आणि मोठमोठी वीजजाळी किती जबर तडाख्यासाठी तयार ठेवायची, हे काही अंशी त्या अर्थावर अवलंबून आहे.

गोष्ट १८५९ सालची. १ सप्टेंबर रोजी रिचर्ड कॅरिंग्टन हा इंग्रज खगोलनिरीक्षक सूर्यावरील डागांचे चित्र काढीत असताना डागांच्या एका समूहावर अचानक दोन लख्ख ठिपके उजळले आणि काही मिनिटांत विझून गेले. रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही स्वतंत्रपणे तेच पाहिले. सौरज्वालेचे हे पहिले नोंदलेले दर्शन. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवरील चुंबकसूच्या सैरभैर झाल्या. क्यूबापर्यंत ध्रुवीय प्रकाश दिसला. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंड येथील तारमास्तरांनी आपापल्या घटमाला सोडवून ठेवल्या, आणि तारेत आपोआप वाहू लागलेल्या विद्युतप्रवाहावरच एकमेकांना संदेश पाठवले.

त्या वेळी मुंबईत २ सप्टेंबरची सकाळ होती, साडेनऊ वाजून गेले होते. कुलाब्याच्या वेधशाळेत निरीक्षक दुर्बिणीतून एक पट्टी वाचत होता.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली, ती मुख्यतः तारे पाहून वेळ ठरवण्यासाठी. बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ हवी असे. चुंबकीय मोजमापांना १८४१ मध्ये आर्थर ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली सुरुवात झाली. हे ऑर्लेबार एल्फिन्स्टनमध्ये शिकवत. त्यांनी आपल्या हाताखाली घेतलेल्या तरुणांपैकी एकाचे नाव मराठी वाचकांना परके नाही: केरो लक्ष्मण, म्हणजेच केरूनाना छत्रे. अलिबागजवळच्या नागावचा हा विशीही न गाठलेला मुलगा तेथे निरीक्षणे घेऊ लागला, आणि पुढे पुण्याला गणिताचा नामांकित प्राध्यापक झाला. १८५९च्या वादळापूर्वीच त्यांनी वेधशाळा सोडली होती. परंतु दर तासाला, रात्री-अपरात्री, सणावारीही उठून आकडा टिपायचा ही शिस्त त्यांच्या पिढीने घालून दिली. त्या आकड्यांचा उपयोग काय, हे तेव्हा कोणालाच नीटसे ठाऊक नव्हते!

उपकरण समजायला सोपे आहे. एक चुंबक टांगलेला, त्याला एक छोटा आरसा चिकटवलेला, आणि काही अंतरावर एक पट्टी व दुर्बीण. चुंबक किंचित वळला की आरशातून दिसणारा पट्टीवरचा आकडा बदलतो. नेहमीच्या दिवशी तासाला एक नोंद. सूची अस्वस्थ दिसू लागली की पंधरा मिनिटांनी, फारच अस्वस्थ झाली तर पाच-पाच मिनिटांनी. युरोपातल्या काही वेधशाळा तोवर पुढे गेल्या होत्या. तेथे प्रकाशाचा ठिपका फिरत्या छायाचित्र-कागदावर आपोआप रेघ काढत असे. गंमत अशी की, त्या रात्री नेमका हा आधुनिकपणाच आड आला. वादळ एवढे मोठे होते की ठिपका कागदाच्या बाहेर गेला आणि रेघ तुटली. कुलाब्यात डोळ्यांनी वाचणारा माणूस मात्र पट्टीचा पाठलाग करत राहिला. शिवाय युरोपातल्या जागा ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याखाली आल्या होत्या, त्यामुळे तेथील नोंदींत स्थानिक खळबळच जास्त मिसळली. मुंबई त्या पट्ट्यापासून खूप दूर होती.

या नोंदी वेधशाळेच्या वार्षिक खंडांतून छापल्या गेल्या आणि जवळजवळ दीड शतक कपाटात राहिल्या. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, गुरबक्ष लखिना आणि शोभना अलेक्स यांनी त्या बाहेर काढून त्यांवर शोधनिबंध लिहिला. यांतील शेवटचे दोघे भूचुंबकत्व संस्थेचे. त्यांनी काढलेला आकडा असा: कुलाब्याचे क्षितिजसमांतर चुंबकीय बल त्या सकाळी सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरले होते. मुंबईत हे बल साधारण ३८,००० नॅनोटेस्ला असते, म्हणजे घट चार टक्क्यांच्या आसपास. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. तुलनेसाठी पाहा: १९८९च्या मार्चमधील वादळाची जागतिक तीव्रता ५८९ भरली होती, आणि मे २०२४ मध्ये लडाखमधील हानले येथून तांबूस आभा दिसली त्या वादळाची सुमारे ४००.

ही घट होते कशी? सूर्यावरून सुटलेला विद्युतभारित कणांचा लोट आपल्याबरोबर चुंबकीय क्षेत्रही घेऊन येतो. त्या क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असेल, म्हणजे पृथ्वीच्या उत्तरेकडे रोखलेल्या क्षेत्राच्या विरुद्ध असेल, तर दोन्ही क्षेत्रे एकमेकांशी जोडली जातात आणि सौर ऊर्जेला आत शिरायला वाट मिळते. मग विषुववृत्ताच्या वर, हजारो किलोमीटर उंचीवर, कणांचा एक प्रचंड प्रवाह पृथ्वीभोवती पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहू लागतो. यास वलयप्रवाह म्हणतात. दहावीच्या वर्गातला उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम येथे लावून पाहावा: या वलयाचे क्षेत्र जमिनीवर दक्षिणेकडे रोख धरते, म्हणून मुंबईतले उत्तरेकडचे बल तेवढ्याने घटते. पुस्तकातला नियम एवढ्या मोठ्या तारेला लागू झालेला क्वचितच पाहायला मिळतो.

इथपर्यंत सारे सुरळीत आहे. वाद पुढे आहे. आज वादळाची जागतिक तीव्रता ठरवताना चार दूरदूरच्या केंद्रांवरील तासाभराच्या सरासऱ्या घेतात. कुलाब्याचा १६०० हा एका ठिकाणचा, एका क्षणाचा आकडा. एखाद्या मुलाचा ताप दहा मिनिटे १०५ अंशांवर गेला आणि उरलेला तास १०१ राहिला, तर 'तासाचा ताप' किती म्हणायचा? जॉर्ज सिस्को व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तासाची सरासरी काढली तेव्हा तीव्रता सुमारे ८५० वर आली. हिसाशी हायाकावा व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये कुलाब्याच्या नोंदींतले तिन्ही घटक पुन्हा तपासले; त्यांचा अंदाज साडेनऊशेच्या आसपास आहे.

त्यातही एक पेच आहे. वलयप्रवाह एकदा जोमात आला की ओसरायला एक-दोन दिवस लागतात. कुलाब्याचा आलेख मात्र खाली कोसळतो आणि लगेच बराचसा वरही येतो. त्यामुळे काही संशोधक म्हणतात की, ही घसरण सगळीच वलयप्रवाहाची नव्हे. ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याला जोडलेले दुसरे प्रवाह त्या दिवशी फार खाली, मुंबईच्या बाजूला सरकले असावेत. आम्हाला हे म्हणणे दुर्लक्ष करण्याजोगे वाटत नाही. पण पट्टी वाचणाऱ्याने चूक केली असेल, अशी वाट काढण्याचा मोह टाळावा, असेही आमचे मत आहे. नोंदींचा क्रम फार सुसंगत आहे.

अभियंत्यांना या वादाशी काय कर्तव्य? जमिनीवरचे चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलले की जमिनीत विद्युतक्षेत्र निर्माण होते, आणि लांबच लांब वीजवाहिन्यांतून जवळजवळ एकाच दिशेचा प्रवाह वाहू लागतो. रोहित्राच्या भूजोडणीतून तो आत शिरतो. रोहित्राची रचना असते उलटसुलट प्रवाहासाठी. असा एकदिश प्रवाह शिरला की त्याचा लोहगाभा संपृक्त होतो, तो तापतो, आणि संरक्षक यंत्रणा वाहिन्या तोडू लागतात. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताचे वीजजाळे अशाच रीतीने दीड मिनिटात कोसळले. साठ लाख लोक सुमारे नऊ तास विजेवाचून राहिले. आता आरेखन करणाऱ्याने 'सर्वांत वाईट वादळ' क्वेबेकच्या दीडपट धरायचे की जवळजवळ तिप्पट? खर्चाचा फरक लहान नाही. आपण ध्रुवांपासून दूर आहोत म्हणून आपला धोका पुष्कळ कमी आहे, हे खरे. पण १८५९ची सर्वांत मोठी घसरण नोंदली गेली ती मुंबईत, हेही तितकेच खरे आहे.

येथे कुलाब्याची एक वेगळी हकिकत सांगायला हवी. १८९६ मध्ये वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झालेले नानाभाई मूस यांच्यासमोर विसाव्या शतकाच्या आरंभी एक संकट आले, ते सूर्याचे नव्हे, मुंबईच्या ट्रामचे. घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचे घाटत होते, आणि त्या धावू लागल्या की कुलाब्याच्या सूच्या सूर्याऐवजी ट्रामची हालचाल सांगू लागणार. शहराला ट्राम हवी होती, विज्ञानाला शांतता. मूस यांनी ट्रामशी भांडण्याऐवजी वेधशाळाच हलवली. मुंबईच्या दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवर अलिबाग येथे चुंबकाला न ओढणारा पोरबंदरी दगड वापरून, लोखंड टाळून इमारती बांधल्या गेल्या. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेतली, म्हणजे जुनी आणि नवी साखळी सांधता यावी. १९०७ मध्ये विजेची ट्राम सुरू झाली, आणि १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचे विवेचन प्रसिद्ध केले. समांतर मोजमापांची ती दोन वर्षे नसती, तर कुलाब्याचे आकडे आजच्या अलिबागच्या आकड्यांशी जोडताच आले नसते. नगरविकास आणि प्रयोगशाळा यांच्या तंट्याचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांना याहून चांगले उदाहरण आपल्या जिल्ह्यात मिळणे कठीण. ती वेधशाळा आजही अलिबागला काम करते. आणि १९७१ मध्ये स्वायत्त झालेल्या भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय पुढे कुलाब्याहून नवीन पनवेलला आले.

इतिहासकारांनी या कामात अलीकडे बरीच भर घातली आहे. ४ फेब्रुवारी १८७२ रोजी आलेले आणखी एक प्रचंड वादळ कुलाब्याच्या नोंदींत आहे, आणि त्या रात्री खुद्द मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद सापडते. वर्तमानपत्रे, जहाजांच्या रोजनिशा, चीन-जपानमधील जुनी टिपणे चाळून प्रकाश कोठवर दिसला याचा नकाशा बनवता येतो, आणि त्यावरून चुंबकीय मोजमाप पडताळता येते. आपल्याकडील मराठी वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत असे काही दडले असेल काय? इतिहासाच्या शिक्षकाने आणि विज्ञानाच्या शिक्षकाने मिळून पाहण्यासारखे आहे.

संगणकाकडे वळू. वादळाचे भाकीत करण्यासाठी आज स्वतः शिकणाऱ्या आज्ञावल्या वापरतात. पण त्या शिकतात मागच्या उदाहरणांवरून, आणि महावादळांची उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. उपग्रहांच्या काळात तर १८५९च्या तोडीचे एकही वादळ पृथ्वीवर आदळलेले नाही. २३ जुलै २०१२ रोजी सुटलेला एक तसा लोट पृथ्वीला चुकवून गेला. म्हणून जुने कागदी आलेख व तक्ते अंकरूपात आणणे हे रटाळ दिसणारे काम मोलाचे ठरते.

भारताचे आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले, म्हणजे नेमके कुलाब्याच्या वादळाच्या तारखेला, आणि जानेवारी २०२४ मध्ये पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर सूर्याच्या दिशेने जाऊन स्थिरावले. त्यावर चुंबकमापी आहे. येणाऱ्या क्षेत्राची दिशा उत्तर की दक्षिण, हे तेथे कळते. आठवी-नववीच्या मुलांना हे गणित घालावे: १५ कोटी किलोमीटर अंतर १८५९च्या लोटाने साडेसतरा तासांत कापले, तर सेकंदाला वेग किती? उत्तर येते सुमारे २४०० किलोमीटर. मग शेवटचे १५ लाख किलोमीटर कापायला किती वेळ? जेमतेम दहा मिनिटे. वीजकेंद्रातल्या माणसाला दिशा कळल्यानंतर हाती उरणारा वेळ एवढाच.

वर्गात कुलाब्याचे उपकरण करून पाहता येते. एका रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत, पीळ नसलेल्या बारीक रेशमी धाग्याने लहान पट्टीचुंबक आडवा टांगावा. त्यावर आरशाचा नखाएवढा तुकडा चिकटवावा आणि बाहेरून प्रकाशाची बारीक तिरीप त्यावर सोडून ठिपका पाच मीटर दूरच्या भिंतीवर घ्यावा. लेसर वापरला तर तो शिक्षकांनीच हाताळावा आणि ठिपका मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊ देऊ नये. आरसा जेवढा वळतो त्याच्या दुपटीने किरण वळतो, त्यामुळे चुंबक एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, वळला तरी ठिपका सुमारे तीन मिलिमीटर सरकतो. बरणी वाऱ्यापासून जपावी, जवळ लोखंडी कपाट नसावे. पहिल्या दिवशी बहुधा रस्त्यावरच्या गाड्या आणि सरकवलेले लोखंडी बाकच मोजले जातील. ते कोणते आणि केव्हा, हे मुलांनी वेळेसह वहीत लिहावे, आणि शनिवार-रविवारच्या नोंदी वेगळ्या रकान्यात ठेवाव्यात.