माडिया गोंडांचे संगीत

माडिया गोंडांचे संगीत : गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडच्या डोंगराळ अरण्यप्रदेशात राहणाऱ्या माडिया गोंडांची गीत, नृत्य व वाद्यवादन यांची सामूहिक परंपरा. भामरागडजवळ पर्लकोटा व पामुलगौतम या नद्या इंद्रावतीस मिळतात. पलीकडे छत्तीसगडमधील बस्तरचा प्रदेश व अबुजमाडचे डोंगर असून दोन्ही तीरांवरील माडियांत भाषा, कुळे व सोयरीक यांचे जुने संबंध आहेत. हा भाग पूर्वी चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे; २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. माडिया ही द्राविड भाषाकुलातील गोंडीची एक बोली होय.

या संगीताचे प्रमुख वैशिष्ट्य असे, की त्यात व्यावसायिक गायक-वादकांचा निराळा वर्ग नाही. आदिलाबाद व त्याला लागून असलेल्या चंद्रपूरच्या भागातील राजगोंडांत कुळांच्या दैवतकथा गाण्याचे काम परधान करतात व त्यासाठी किंगरी हे तंतुवाद्य वापरतात. फ्यूरर-हैमेनडॉर्फ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या प्रथेचे सविस्तर वर्णन केले आहे. माडियांत असा मध्यस्थ नसल्याने गावातील प्रत्येक स्त्रीपुरुष गातो व नाचतो. गायक आणि श्रोता असा भेद राहत नाही. बोलीस स्वतःची रूढ लिपी नसल्यामुळे कुळांची नाती, देवांची स्थाने, ऋतूंचे क्रम व जंगलातील वनस्पतींची माहिती गीतांतूनच एका पिढीकडून दुसरीकडे जाते.

गीतास गोंडीत ‘पाटा’ म्हणतात. सर्वांत लोकप्रिय प्रकार ‘रेला’ हा असून पालुपदात पुन्हा पुन्हा येणाऱ्या या शब्दावरूनच त्याला हे नाव पडले. बहावा या वृक्षासही ‘रेला’ म्हणतात. नाचणारे एकमेकांचे हात किंवा कंबर धरून रांग अथवा वर्तुळ करतात. एक गट ओळ म्हणतो व दुसरा ती उचलतो. चाल मोजक्याच स्वरांत फिरते. मात्र शब्द प्रसंगानुसार नव्याने जुळवले जातात. त्यामुळे चाल जुनी व आशय ताजा असे या गीतांचे स्वरूप असते. थट्टा, प्रेमाची सूचना, रुसवा व गावातील घडामोडींवरील टीका या गोष्टी एरवी उघडपणे बोलता येत नाहीत. गीतात त्या निःसंकोचपणे येतात.

ढोल व मांदरी ही मुख्य चर्मवाद्ये होत. पोकळ केलेल्या लाकडी खोडास जनावराचे कातडे ताणून ढोल तयार करतात. यांखेरीज बांबूची बासरी व शिंग ही वाद्येही आढळतात. इंद्रावतीपलीकडील दंडामी माडियांत लग्नप्रसंगी पुरुष गव्याची शिंगे व कवड्या लावलेला शिरोभूषणाचा साज घालून ढोल वाजवतात आणि स्त्रिया घुंगरांच्या काठ्या जमिनीवर आपटून ताल धरतात.

संगीताचे प्रसंग समाजाच्या नियमांशी बांधलेले असतात. ‘पंडुम’ म्हणजे सण. नवे धान्य वा फळ पंडुम झाल्याशिवाय खावयाचे नाही, असा दंडक आहे. बियाण्याचा विज्जा पंडुम व आंब्याचा मरका पंडुम ही त्याची उदाहरणे होत. पेरमा (पुजारी) पूजा करतो व त्यानंतर गाव नाचते. विवाह एकाच भाऊकुळात (दादाभाई) न होता सोयऱ्या कुळात (अकोमामा) होतो. म्हणून लग्नातील सवाल-जवाबाची गीते दोन कुळांचे नाते जाहीरपणे मान्य करणारी ठरतात. मृत्यूच्या वेळीही ढोल वाजतो. मात्र त्याचा ठेका निराळा असतो व मृताच्या स्मरणार्थ दगड उभारण्याची प्रथा आहे.

या परंपरेचे शिक्षण गोटुलात होते. गोटुल म्हणजे गावाची सामाईक वास्तू. बस्तरमधील मुरियांच्या घोटुलात अविवाहित मुलेमुली एकत्र राहत. त्याचे वर्णन व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ च्या ग्रंथात केले आहे. माडियांचा गोटुल मात्र त्याहून भिन्न आहे. ग्रिग्सन यांनी १९३८ मध्ये नोंदविल्याप्रमाणे पहाडी माडियांत तेथे केवळ पुरुष झोपतात. भामरागड भागात गावसभा, पाहुण्यांचा मुक्काम व संध्याकाळचा नाच यांसाठी त्याचा उपयोग होतो. येथेच लहान मुले मोठ्यांच्या रांगेच्या टोकाला उभी राहून पावले व शब्द उचलतात. निराळा धडा कोणी देत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या परिस्थितीत पालट झाला. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला व १९७६ मध्ये तेथे आश्रमशाळा निघाली. अशा शाळांमुळे शिक्षण व आरोग्य यांचा मोठा लाभ झाला. परंतु वसतिगृहात राहणाऱ्या मुलांच्या गोटुलातील संध्याकाळी कमी झाल्या. १९८० नंतर या अरण्यात आलेल्या नक्षलवादी चळवळीने प्रचारगीतांसाठी रेलाच्या चाली घेतल्या. दुसरीकडे शासकीय महोत्सवांत रेला रंगमंचावर आला. तेथे नाचाची वेळ ठरलेली असते व समोर प्रेक्षक बसतात. प्रसंगानुसार शब्द जुळवण्यास त्यात वाव उरत नाही आणि पाठ केलेली तीच ती गीते पुन्हा म्हटली जातात. ध्वनिमुद्रणाने चाली टिकतील. परंतु नवे शब्द रचण्याची क्षमता बोली व गोटुल या दोहोंवर अवलंबून आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात गोंडी भाषकांची संख्या सुमारे ३० लाख असूनही ही भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. २०१९ मध्ये याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मोहगाव येथे ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा काढली व तिच्या नावात ‘गोटुल’ हा शब्द योजला.