चेंडूपासून ॲनिमेशन शिकूया

"सर, ॲनिमेशनसाठी कोणतं ॲप घेऊ?" हा प्रश्न मुलं विचारतात, हल्ली पालकही विचारतात. माझं उत्तर ठरलेलं असतं: पाठकोरे कागद, पेन्सिल, स्टेपलर आणि एक रबरी चेंडू. ॲप नंतर बघू. कारण ॲप उघडून महिनाभरात कंटाळलेली मुलं मी बरीच पाहिली आहेत. त्यांचं चित्र वाईट नसतं. ते हललं की निर्जीव वाटतं आणि का ते कळत नाही, म्हणून ती सोडून देतात.

डिस्ने स्टुडिओतल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात ॲनिमेशनची १२ तत्त्वं दिली आहेत. मुलांना ती बाराही पाठ करायला लावू नका, प्लीज! उसळणाऱ्या एका चेंडूत त्यातली महत्त्वाची तीन-चार सापडतात.

पत्त्याएवढे चाळीसेक कागद कापून एका कडेला घट्ट स्टेपल करा. पहिलं चित्र सर्वात मागच्या पानावर काढायचं, म्हणजे पुढचं पान त्यावर टाकलं की खालचं चित्र पुसट दिसतं. अंगठ्याने मागून पुढे पानं सोडली की झाला फ्लिपबुक.

आता चेंडू वरून खाली आणायचा. जवळपास प्रत्येक मूल इथे एकच चूक करतं: सगळी अंतरं सारखी ठेवतं. मग चेंडू पडत नाही, लिफ्टसारखा उतरतो. ही चूक होऊ द्या, आधी सांगू नका. पानं उलटल्यावर मुलं स्वतःच म्हणतात, "हे काहीतरी विचित्र दिसतंय."

मग विज्ञानाचा तास सुरू. पडणारी वस्तू सारख्या वेळात १, ३, ५, ७ अशा प्रमाणात अंतर कापते, हे गॅलिलिओने दाखवलं. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात, पण बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम ठेवतात. म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. सुमारे १२२ सेंटिमीटरवरून, म्हणजे साधारण मोठ्यांच्या छातीच्या उंचीवरून सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदात जमिनीवर येतो. म्हणून त्याला सहा चित्रं लागतात. कागदावर सुरुवातीच्या जागेपासून २, ८, १८, ३२, ५० आणि ७२ मिलिमीटरवर खुणा करायला सांगा. वर जाताना उलटं: १४, १०, ६, २ मिलिमीटर अशी अंतरं कमी होत जातात आणि चेंडू पहिल्या उंचीच्या निम्म्याहूनही खालीच थांबतो. एवढ्यानेच चेंडूला वजन येतं. वर्गात "अरे!" असा आवाज येतो तो इथे.

पुढची पायरी दबण्याची. जमिनीला टेकल्यावर चेंडू चपटा काढायचा, वेगात असताना थोडा लांबट. मुलं चपटा काढतात, पण रुंद करायला विसरतात, म्हणून चेंडू लहान झाल्यासारखा वाटतो. कणकेचा गोळा हातात द्या, दाबायला सांगा. कणीक कुठे जाते? बाजूला. शब्दांनी समजावण्यापेक्षा हे बरं. आणि अगदी वरच्या टोकाला चेंडू पुन्हा गोल हवा.

नंतर तोच चेंडू लोखंडी गोळा समजून काढायला लावा. तो दबणार नाही, उसळणारही जेमतेम. वर्तुळ तेच, पण वस्तू बदलली! ज्यांना चित्रकला जमत नाही असं घरी सांगितलेलं असतं, ती मुलं इथे खुलतात.

पूर्वतयारीचं तत्त्व मैदानावर शिकवा. गुडघे न वाकवता उडी मारायला सांगा. कुणालाच धड जमत नाही. उडीआधी शरीर खाली जातं, हे अंगाला कळलं की चित्रात आपोआप येतं.

मोबाइल वापरायचाच असेल तर पुस्तकांच्या चळतीवर घट्ट टेकवून काड्यापेटीतल्या काड्या थोड्या थोड्या सरकवत फोटो काढा. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी 'आगकाड्यांची मौज' असाच केला होता. त्याआधी १९१२ मध्ये रोप वाढताना त्यांनी ठरावीक अंतराने चित्रित केलं होतं. कुंडीतल्या वाटाण्यावर हा प्रयोग घरीही होतो. फक्त कुंडी आणि मोबाइलची जागा खडूने आखून ठेवा, नाहीतर झाडू मारताना सगळं हलतं (आमचं हललं होतं).

पालकांना एक विनंती. पहिला फ्लिपबुक टाकून देऊ नका, त्यावर तारीख घाला. दहावा झाला की दोन्ही मुलाच्या हातात द्या आणि फरक त्यालाच सांगू द्या.