काजळी कोणत्या बाजूची?

लेखमाला : घडणीमागचा विचार – भाग ९

मागच्या भागात नौबादच्या कारेझचा उतार पाहिला. बहमनी काळात बिदरच्या जांभ्याच्या पठाराखालून खोदलेल्या या भुयारी पाटाला सुरंग बावी असंही म्हणतात. त्याच्यावर ओळीने उभ्या विहिरी आहेत. खोदकामाची माती त्यांतून वर आली, खाली राबणाऱ्यांना हवा त्यांतून मिळाली आणि पुढे साचलेला गाळ उपसायचा तोही त्यांतूनच. गाळ येणार हे खोदणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं, म्हणून तो काढायची वाट त्यांनी आधीच ठेवली. आज त्याहून फार लहान पाट घेऊ : कार्बाइडच्या दिव्याच्या बर्नरचं भोक, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. तेही तुंबतं. पण कारेझमध्ये लागू पडलेला उपाय तिथे जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण मळाची वाट वेगळी आहे. या भागात मांडायचं आहे ते एवढंच, की भोक तुंबलं तर मळ भोकाच्या आतून आला की बाहेरून, हे आधी ठरवावं. बर्नर कसा घडवायचा हे त्या उत्तरावर अवलंबून असतं.

कार्बाइड म्हटलं की आता आंबे आठवतात, आणि फळं त्याने पिकवायला कायद्याने बंदी आहे हेही आठवतं. वीज गल्लोगल्ली पोहोचण्याआधी मात्र हाच राखाडी दगड हातगाडीवर आणि जत्रेतल्या दुकानांत उजेड देत होता. १८९२ मध्ये अमेरिकेत थॉमस विल्सन आणि त्याच सुमारास फ्रान्समध्ये आंरी म्वासां यांनी विजेच्या भट्टीत चुना आणि कोळसा एकत्र तापवून कॅल्शियम कार्बाइड मिळवलं, तेव्हापासून ते स्वस्तात बनू लागलं. त्यावर पाणी पडलं की अ‍ॅसिटिलीन वायू निघतो आणि मागे विरलेल्या चुन्याचा लगदा उरतो. किलोभर चांगल्या कार्बाइडमधून सुमारे तीनशे लिटर वायू मिळतो. या वायूच्या वजनात कार्बन ९२ टक्के असतो, तर मिथेनमध्ये ७५ टक्के. त्याच्या लखलखीत उजेडाचं कारण हा कार्बन, आणि सगळ्या दुखण्याचं मूळही हाच.

उघड्या ज्योतीचा पिवळा उजेड हा खरं तर काजळीचा उजेड. ज्योतीच्या पोटात हवा पोहोचत नाही, वायू तिथे तापून फुटतो, कार्बनचे अतिसूक्ष्म कण सुटतात आणि ते तापून झळाळतात. हे कण ज्योतीच्या कडेला येऊन हवेत जळून गेले तर दिवा स्वच्छ जळतो. न जळता निसटले तर छत काळं होतं. म्हणजे उजेडासाठी काजळी जन्मायला हवी, आणि स्वच्छतेसाठी ती ज्योतीतच संपायला हवी. सुरुवातीलाच हवा भरपूर मिसळली तर काजळी जन्मतच नाही, पण मग ज्योत निळी होते आणि उजेडही जातो. दिव्याचा बर्नर स्वयंपाकाच्या बर्नरपेक्षा अवघड असतो तो यामुळे. त्याला हवा हवी, पण मोजून. आणि नेमक्या जागी.

मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ मध्ये गॅसचे दिवे लागले ते दगडी कोळशापासून काढलेल्या वायूवर. त्या वायूत निम्म्याच्या आसपास हायड्रोजन असतो, कार्बन बेताचा. त्यामुळे माशाच्या शेपटीसारखी पसरट ज्योत देणारे साधे बर्नर त्याला पुरत. अ‍ॅसिटिलीन आलं तेव्हा जगभर हेच बर्नर भोक बारीक करून वापरले गेले, आणि फसले. पहिल्या दिवशी ज्योत शुभ्र दिसे, मग तिला शिंगं फुटत, एक बाजू धुरकटे आणि भोकाच्या ओठावर काळा खडा वाढू लागे. कारण रासायनिक आहे. अ‍ॅसिटिलीनच्या रेणूत ऊर्जा ताणून भरलेली असते. तापलेल्या पृष्ठभागाला लागताच त्याचे रेणू एकमेकांना चिकटून जड, डांबरासारखे पदार्थ बनतात आणि पुढे त्यांचा कार्बन होतो. ज्योत भोकाला टेकून जळते, त्यामुळे भोकाचा ओठ तापतो; तापलेल्या ओठावर कार्बन धरतो; त्या कार्बनमुळे धार वाकडी होते; आणि वाकडी ज्योत ओठाला आणखी तापवते. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही. इथे मळ वायूबरोबर आतून वाहत आलेला नाही. ज्योतीने तो दारातच तयार केला आहे.

म्हणून उपायही ज्योतीच्या जागेत शोधावा लागला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत जो बर्नर टिकला त्याचं तोंड इंग्रजी वाय अक्षरासारखं दुभंगलेलं होतं. दोन्ही फाट्यांच्या टोकाला शंखजिऱ्याच्या दगडाची टोपी असे. टोपीत खोल जागी वायूचं बारीक भोक, त्याच्यापुढे जरा रुंद नळी, आणि त्या नळीच्या भिंतीत हवेची इवलाली छिद्रं. वायूची धार वेगाने निघताना आजूबाजूची हवा ओढून घेते आणि त्या हवेचं अस्तर अंगावर घेऊनच बाहेर पडते. दगड आणि वायू यांच्यामध्ये गार हवेचा थर राहतो, त्यामुळे ज्योत तोंडाला न टेकता त्यापासून थोड्या अंतरावर पेटते. मग दोन फाट्यांच्या धारा काटकोनात एकमेकींवर आदळतात आणि पसरट पाकळी उलगडते. पाकळी पातळ असल्याने तिच्या दोन्ही अंगांना हवा मिळते, आणि आत जन्मलेली काजळी कडेला पोहोचेपर्यंत जळून जाते. तोंड गार ठेवणं आणि ज्योत पातळ करणं, ही दोन्ही कामं एका रचनेने साधली. शंखजिरं निवडण्यामागेही विचार आहे : ते बारीक कोरता येतं, भाजल्यावर कठीण होतं, आणि पितळेसारखं गंजत नाही की उष्णता झरझर आत नेत नाही.

पहिला आक्षेप साध्या व्यवहाराचा आहे. भोक तुंबतं तर मोठं का करू नये? भोकाचा व्यास दुप्पट केला तर त्याच दाबाला वायू साधारण चौपट सुटतो, तेवढ्याला पुरेशी हवा ज्योतीला मिळत नाही आणि धूर होतो. वायू पूर्वीइतकाच राहावा म्हणून दाब उतरवला, तर धारेचा वेग मंदावतो. मंद धार हवा ओढत नाही, तिचं अस्तर विरतं, आणि ज्योत येऊन थेट ओठावर बसते. म्हणजे मोठं भोक अशा दिव्यात लवकर तुंबतं. असा दिवा वात उतरवल्यासारखा बारीक करून ठेवू नये, लावायचा तर पुरा लावावा नाहीतर विझवावा, या नियमाचं कारणही हेच आहे.

दुसरा आक्षेप मराठी घराच्या सवयीचा आहे : तुंबलं तर पिन मारावी. रॉकेलच्या स्टोव्हशेजारी पत्र्याच्या पट्टीवरची ती बारीक तार पिढ्यान्‌पिढ्या होतीच. पण दोन धारांच्या बर्नरला पिन मारणं जोखमीचं आहे. भोक किंचित लंबगोल झालं की धार तिरकी जाते, दोन धारांची गाठ मधोमध पडत नाही, आणि एक ज्योत समोरच्या टोपीला चाटू लागते. ती टोपी तापली की ती तुंबते. पिनेने आजचा खडा निघतो, पण उद्याचा खडा धरायला जागाही तयार होते.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वायूच गाळून का घेऊ नये? घ्यायलाच हवा. कार्बाइडवर पाणी उसळतं तेव्हा चुन्याची धूळ आणि ओल वायूबरोबर उडते. कार्बाइडमधल्या अशुद्धीमुळे फॉस्फरसयुक्त वायूही मिसळतात, आणि ते जळून तयार झालेलं आम्ल बर्नरवर बसतं. नळीत कापसाचा किंवा लोकरी नमद्याचा बोळा असला की धुळीचा त्रास कमी होतो. पण नितळ शुद्ध अ‍ॅसिटिलीनही तापलेल्या ओठावर कार्बन धरतं. गाळणी आतल्या मळाला अडवते. बाहेर ज्योतीने बनवलेल्या मळाशी तिचा संबंधच येत नाही.

आता या लेखाच्या म्हणण्याला खरा छेद देणारं उदाहरण : पेट्रोमॅक्स, म्हणजे लग्नाच्या वरातीत डोक्यावरून चाललेली आपली गॅसबत्ती. तिच्यात पिन बांधूनच दिलेली असते. बाजूचा दांडा फिरवला की सुई निपलमधून वर येऊन जाते. मग तो बर्नर चुकीचा घडवलेला म्हणायचा का? नाही. तिथे रॉकेल तापलेल्या नळीत आधी वाफ होतं आणि मग निपलमधून निघतं. वाफ होताना रॉकेलचा जड भाग नळीतच करपतो, त्याचे कण वाहत येऊन निपलमध्ये अडकतात. ज्योत निपलपासून दूर, मेंटलच्या जाळीत आहेच. तिला आणखी दूर नेऊन काही उपयोग नाही. मळ आतून येतो, तो पूर्ण टाळता येत नाही, म्हणून काढायची वाट बांधून ठेवणं हाच योग्य विचार. कारेझच्या उभ्या विहिरी आणि पेट्रोमॅक्सची सुई ही एकाच जातीची योजना आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नारी’ने, ‘नूरी’ हा दाबाचा कंदील घडवला आणि दिव्यांसाठी अल्कोहोलच्या इंधनावरही काम केलं. अल्कोहोलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, जड भाग जवळपास नसतोच, त्यामुळे करपणं फारच कमी. हा तिसरा मार्ग झाला : मळ जिथून निघतो ते इंधनच बदलायचं.

मेंटलने आणखी एक मोठी गोष्ट केली. उजेड देण्याचं काम ज्योतीकडून काढून जाळीकडे सोपवलं, त्यामुळे ज्योत खुशाल निळी राहू शकते. मग अ‍ॅसिटिलीनलाही आधीच हवा मिसळून मेंटलखाली जाळावं, असं कोणी म्हणेल. पण हवेत मिसळलेल्या अ‍ॅसिटिलीनची ज्योत मिथेनच्या ज्योतीच्या तिपटीहून अधिक वेगाने धावते आणि फार बारीक फटीतूनही मागे शिरते. वेल्डिंगच्या दुकानात ब्लोपाइपचा फट्‌ असा आवाज होतो तो ज्योत अशी मागे वळल्याचा. म्हणून ते काम सोपं नव्हतं. गोबरगॅसचं बरोबर उलट आहे. त्यातल्या मिथेनला काजळीची खोड नाही, आणि कार्बन डाय-ऑक्साइडमुळे ज्योत इतकी संथ की हवा जास्त झाली तर उडून विझते. त्याच्या बर्नरला कार्बनची भीती जवळपास नाही. भीती आहे नळीत साचणाऱ्या पाण्याची आणि धातू खाणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडची. मळ आतलाच, म्हणून उपायही आतले : नळीला उतार, सखल जागी पाणी काढायची तोटी, आणि वायू गंधकमुक्त करायला लोखंडाचा गंज भरलेला डबा.

विजेच्या काळात हा विचार कशाला, असं वाटेल. पण घरातल्या शेगडीची ज्योत पिवळी पडून भांड्याचं बूड काळं होतं, तेव्हा हाच प्रश्न ओट्यावर असतो. तिथे बर्नरच्या भोकांत उतू गेलेलं दूध अडकलेलं असेल, की खाली हवेच्या तोंडाशी धूळ किंवा कोळ्याचं जाळं असेल? पहिल्याला पिन चालेल. दुसऱ्यात कितीही पिन मारली तरी ज्योत निळी होणार नाही. भोक उजेडात धरून पाहावं. कड बाहेरून काळी असेल तर ज्योत फार जवळ बसली आहे. कड स्वच्छ आणि भोक आतून बंद असेल तर मागची नळी तपासावी. पिनेला हात त्यानंतर घालावा.

(पुढील भागात : मेंटल जळून राख होतं, आणि उजेड त्या राखेचाच का पडतो?)