आकड्यांची चित्रं – भाग ९ : स्तंभ आणि रेषा एकाच आलेखात

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, तापमान अंश सेल्सिअसमध्ये. या दोन आकड्यांची बेरीज होत नाही आणि वजाबाकीही होत नाही. तरी भूगोलाचे शिक्षक, शेतीचे अभ्यासक, धरणाच्या पाण्याचा हिशेब ठेवणारे अभियंते अशा सगळ्यांना ते महिन्यांच्या एकाच ओळीवर शेजारी शेजारी पाहायचे असतात. अशा वेळी पाऊस स्तंभांनी आणि तापमान रेषेने काढतात. एक्सेलमध्ये या मिश्र आलेखाला ‘कॉम्बो चार्ट’ म्हणतात. तो काढायला दोन मिनिटं पुरतात. तो खरं बोलतो की नाही, हे पाहायला मात्र थोडा जास्त वेळ द्यावा लागतो, आणि या भागाचा बराचसा भर त्यावरच आहे.

उदाहरण मुंबईचं घेऊ. सांताक्रूझ वेधशाळेची दीर्घकालीन सरासरी पाहिली तर जूनमध्ये साधारण ५३७ मिमी आणि जुलैमध्ये ९२० मिमी पाऊस पडतो, ऑगस्टमध्ये साडेपाचशेच्या वर आणि सप्टेंबरमध्ये तीनशेच्या वर. डिसेंबर ते एप्रिल जवळजवळ कोरडे. कमाल तापमानाची मासिक सरासरी मात्र वर्षभर साधारण ३० ते ३४ अंशांच्या पट्ट्यातच फिरते. मेपर्यंत ती चढते, जुलै-ऑगस्टमध्ये तिशीजवळ उतरते आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा ३३-३४ वर जाते. हीच ती ‘ऑक्टोबर हीट’.

पहिल्या रकान्यात महिने, दुसऱ्यात पाऊस, तिसऱ्यात तापमान असा तक्ता भरा. वरच्या ओळीत नावं लिहा. सगळा तक्ता निवडून इन्सर्टमधून साधा कॉलम चार्ट काढा. पावसाचे स्तंभ दिमाखात उभे राहतील आणि तापमानाचे स्तंभ तळाशी खुरटलेले दिसतील. डावा अक्ष ० ते १००० असल्यामुळे ३० आणि ३४ मधला फरक आलेखाच्या उंचीच्या अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी भरतो. ऑक्टोबर हीट या चित्रात आहे, पण कोणाच्याही डोळ्यांना ती दिसणार नाही.

आता चार्टवर उजवी क्लिक करून ‘चेंज चार्ट टाइप’ उघडा. ‘ऑल चार्ट्स’च्या यादीत तळाशी ‘कॉम्बो’ आहे. २०१३च्या आवृत्तीपासून ही सोय स्वतंत्र खिडकीत मिळते. त्याआधी एकेक मालिका निवडून तिचा प्रकार बदलावा लागे. खिडकीच्या खालच्या भागात पाऊस आणि तापमान या दोन मालिका दिसतील. प्रत्येकीपुढे आलेखाचा प्रकार निवडायची यादी आणि ‘सेकंडरी अ‍ॅक्सिस’ची चौकट असेल. पावसाला ‘क्लस्टर्ड कॉलम’ ठेवा, तापमानाला ‘लाइन विथ मार्कर्स’ द्या आणि तापमानापुढच्या चौकटीत खूण करा. उजवीकडे दुसरा अक्ष उगवेल आणि तळाशी पडलेलं तापमान वर येईल.

दुय्यम अक्ष तापमानालाच का, पावसाला का नाही? यामागे एक व्यावहारिक कारण आहे. एक्सेल आधी मुख्य अक्षावरच्या मालिका काढतो आणि नंतर त्यांच्यावर दुय्यम अक्षावरच्या. स्तंभ दुय्यम अक्षावर गेले तर ते रेषेच्या पुढे येतात आणि उंच स्तंभांच्या ठिकाणी रेषा त्यांच्याआड जाते. ‘माझी रेषा मधेच गायब का होते’ असा प्रश्न पडला तर बहुतेक वेळा उत्तर इथेच सापडतं. एका अक्षावरच्या मालिकांमध्येही क्रम ठरलेला असतो. क्षेत्रालेख सर्वांत मागे, त्यावर स्तंभ, त्यावर रेषा आणि सर्वांत पुढे स्कॅटरचे ठिपके.

आणखी काही अडचणी नेहमी भेटतात. महिन्यांऐवजी २०१५, २०१६ अशी वर्षं असतील तर एक्सेल त्यांनाही एक मालिका समजून त्यांचे स्तंभ काढतो. वर्षांच्या रकान्याचं शीर्षक रिकामं ठेवलं की हा घोटाळा टळतो. खुरटलेल्या स्तंभांवर माउस नेमका बसत नसेल तर ‘फॉरमॅट’ टॅबच्या डाव्या कोपऱ्यातल्या यादीतून ती मालिका नावाने निवडा. त्रिमिती आलेख दुसऱ्या कशातही मिसळत नाहीत. तसा प्रयत्न केला की एक्सेल सरळ नकार देतो आणि ते बरंच आहे. २०१६ साली आलेले वॉटरफॉल, ट्रीमॅप, हिस्टोग्राम यांसारखे नवे प्रकारही कॉम्बोमध्ये बसत नाहीत.

गूगल शीट्समध्ये चार्ट एडिटरच्या यादीत ‘कॉम्बो चार्ट’ आहे आणि ‘कस्टमाइज’मधल्या ‘सिरीज’खाली ‘राइट अ‍ॅक्सिस’ निवडता येतो. लिब्रेऑफिसमध्ये या प्रकाराचं नाव ‘कॉलम अँड लाइन’. तिथे रेषा किती हव्यात हे विचारतात आणि तक्त्यातले शेवटचे रकाने रेषांना मिळतात, म्हणून तापमान पावसाच्या उजवीकडेच ठेवा.

आता अक्षांकडे वळू. मुंबईचा डावा अक्ष ० ते १००० आणि दर २०० वर खूण, म्हणजे पाच भाग झाले. उजव्या अक्षाचेही पाचच भाग करा, म्हणजे आडव्या रेघा दोन्हीकडच्या आकड्यांशी जुळतील. पण पाच भाग कसे पाडायचे? ० ते ५० ठेवलं तर ३० आणि ३४ मधला चढउतार आलेखाच्या उंचीच्या ८ टक्क्यांत मावतो. रेषा जवळजवळ सपाट दिसते आणि वाचणारा म्हणतो, मुंबईचं हवामान वर्षभर सारखंच. २६ ते ३६ ठेवलं तर तोच चढउतार उंचीच्या ४० टक्के जागा घेतो आणि मे व ऑक्टोबरची दोन शिखरं डोळ्यांत भरतात. तक्त्यातला एकही आकडा बदललेला नाही. बदलला तो अक्ष, आणि तो मी ठरवला.

यातलं खरं चित्र कोणतं? माझ्या मते इथे २६ ते ३६ योग्य आहे. मुंबईत राहणाऱ्याला ३० आणि ३४ मधला फरक अंगावर जाणवतो आणि तो दाखवण्यासाठीच आपण रेषा काढली आहे. शिवाय सेल्सिअसचं शून्य म्हणजे पाणी गोठण्याचा बिंदू. तिथून सुरुवात करण्याचं बंधन रेषेवर नाही. स्तंभांची गोष्ट वेगळी. स्तंभाची उंची हीच राशी असते, म्हणून पावसाचा अक्ष शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे. गेल्या भागात हे सविस्तर पाहिलं आहे, आणि स्तंभांशेजारी रेषा आली म्हणून त्यात काही सूट मिळत नाही.

मिश्र आलेखाची कल्पना संगणकाच्या फार आधीची आहे. विल्यम प्लेफेअर हा स्कॉटिश माणूस तरुणपणी जेम्स वॉटकडे नकाशे-आराखडे काढायच्या कामावर होता. १७८६ साली त्याने व्यापाराच्या आकडेवारीचा एक अ‍ॅटलास काढला आणि रेषालेख, स्तंभालेख यांना त्यातून प्रतिष्ठा मिळाली. १८०१ साली त्याने पाय चार्टही वापरला. आपल्याला हवा तो आलेख त्याने १८२१च्या सुमारास काढला. नेपोलियनशी चाललेली युद्धं संपली होती, १८१५च्या धान्य कायद्यांवरून इंग्लंडमध्ये वाद पेटला होता आणि जमीनदार शेतीच्या दुरवस्थेची तक्रार करत होते. प्लेफेअरने १५६५ ते १८२१ पर्यंतचे गव्हाचे भाव स्तंभांनी काढले, चांगल्या कारागिराची आठवड्याची मजुरी रेषेने, आणि वरच्या कडेला पहिल्या एलिझाबेथपासून चौथ्या जॉर्जपर्यंतच्या राजवटींची पट्टी. तीन प्रकारची माहिती एका कागदावर आली. आजच्या एक्सेलमध्येही हे करायचं तर हात बसलेला असावा लागतो.

त्याचं म्हणणं असं होतं की मजुरीच्या मानाने गहू इतका स्वस्त पूर्वी कधीच नव्हता. त्याच्या आकड्यांनुसार ते बरोबरही होतं. पण आलेख पाहणाऱ्याच्या नजरेस आधी काय पडतं? गव्हाचे वरखाली होणारे उंच स्तंभ आणि तळालगत सावकाश चढणारी मजुरीची रेषा. दोन्ही एकाच शिलिंगच्या अक्षावर आहेत आणि त्यात लबाडी काहीच नाही, पण घाईने पाहणाऱ्याला वाटेल की गहू महागला आणि मजुरी तिथेच राहिली. त्याला सांगायचं होतं ते या दोन आकड्यांच्या गुणोत्तरात होतं. आठ बुशेल, म्हणजे तेव्हाचं एक ‘क्वार्टर’ गहू घ्यायला किती आठवड्यांची मजुरी लागते? ही एकच संख्या दरवर्षी काढून एकच रेषा आखली असती तर ती उतरत आलेली दिसली असती आणि मुद्दा लगेच कळला असता. पुढच्या काळात आलेखांच्या अभ्यासकांनी नेमकं तेच करून दाखवलं. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण इथे चुकीचा हेतू नव्हता, चुकीचा आकडाही नव्हता. दोन मालिका एकत्र ठेवल्या की त्यांचं नातं आपोआप दिसेल, एवढा भरवसा मात्र होता, आणि तोच भरवसा आज आपल्या ऑफिसांतल्या शेकडो आलेखांत असतो.

नात्याच्या या प्रश्नावर हवामानशास्त्रात एक सुंदर तोडगा आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हाइनरिख वॉल्टर आणि हेल्मुट लीथ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हवामान आलेखात दोन अक्ष एकमेकांना बांधलेले असतात. १० अंश तापमानाच्या उंचीवर २० मिमी पाऊस यायलाच हवा. पावसाची रेषा तापमानाच्या रेषेखाली गेली की तो कोरडा काळ आणि वर गेली की ओला, असं तिथे वाचतात. मुंबईचं सरासरी तापमान साधारण २७ अंश धरलं तर हा उंबरठा महिन्याला ५४ मिमी येतो. जून ते ऑक्टोबर त्याच्या वर राहतात आणि नोव्हेंबर ते मे खाली. १०० मिमीच्या पुढे पावसाचं प्रमाण दहापटीने आवळतात, नाहीतर आपल्या जुलैला कागद पुरला नसता. या आलेखात दोन रेषा एकमेकींना छेदतात त्या बिंदूला अर्थ आहे, कारण अक्षांचं प्रमाण आधी ठरलेलं आहे आणि ते जगभर एकच आहे.

आपण एक्सेलमध्ये काढतो त्या आलेखात असा करार नसतो. समजा लासलगावच्या कांद्याची दर महिन्याची आवक क्विंटलमध्ये आणि सर्वसाधारण दर रुपयांत घेऊन कॉम्बो चार्ट काढला. आवकेचे स्तंभ चढत जातील, भावाची रेषा उतरत येईल आणि कुठल्यातरी महिन्यात रेषा स्तंभाच्या माथ्यावरून खाली येईल. पाहणारा त्या महिन्यावर बोट ठेवून म्हणेल, ‘इथे बाजार फिरला.’ उजव्या अक्षाचा वरचा आकडा ३००० ऐवजी ५००० करा. तोच छेद दुसऱ्या महिन्यात सरकेल किंवा नाहीसाच होईल. म्हणून माझा आग्रह असा आहे की दोन स्वतंत्र अक्षांच्या आलेखात छेदनबिंदूवरून काहीही बोलू नये आणि दुसऱ्याने बोललेलं मान्य करू नये. चढण कुठे सुरू झाली, उतार कुठे लागला, शिखर कोणत्या महिन्यात आलं, एवढंच त्यातून वाचावं. कांद्यासारख्या विषयात शेतकऱ्याचं नुकसान कधी झालं याची चर्चा अशा चित्रांवरून होते, तेव्हा ही काळजी घेणं आपलं कर्तव्यच आहे.

सगळ्यात जास्त फसवणूक एका वेगळ्याच ठिकाणी होते. यंदाचा पाऊस स्तंभात आणि सरासरी पाऊस रेषेत असा आलेख काढला की सवयीने सेकंडरी अ‍ॅक्सिसच्या चौकटीत खूण केली जाते. दोन्ही आकडे मिलिमीटरचेच, पण आता दोन अक्ष झाले, आणि दोघांची कमाल मर्यादा एक्सेल आपापली ठरवतो. यंदा पाऊस कमी झाला असला तरी स्तंभ रेषेच्या वर डोकावू शकतात. एकक एक असेल तर अक्षही एकच ठेवा. विक्री आणि तिचं उद्दिष्ट, खर्च आणि मंजूर रक्कम, यंदा आणि सरासरी, या सगळ्यांना हेच लागू आहे. सरासरीची आडवी रेषा हवी असेल तर शेजारच्या रकान्यात तोच आकडा प्रत्येक महिन्यासमोर भरा आणि त्या मालिकेला फक्त लाइन चार्ट करा. दुय्यम अक्षाला हात लावू नका.

दुय्यम अक्ष ठेवलाच तर वाचणाऱ्याला कोणता अक्ष कशाचा हे शोधावं लागू नये. पावसाचे स्तंभ निळे असतील तर डाव्या अक्षाचे आकडे आणि शीर्षकही निळंच करा, तापमानाची रेषा लाल तर उजवीकडचं सगळं लाल. ‘पाऊस, मिमी’, ‘कमाल तापमान, अंश सेल्सिअस’ असं एकक शीर्षकात लिहा. छापील कागद काळापांढरा निघणार असेल तर रंगांवर विसंबू नका, नाव थेट रेषेच्या टोकाशी लिहा. एका आलेखात तिसरी मालिका घालायची वेळ आली तर आधी स्वतःला विचारा की दोन आलेख का नाही काढायचे.

हा शेवटचा पर्याय फार दुर्लक्षित आहे. दोन वेगळे आलेख एकाखाली एक ठेवा, वर भाव, खाली आवक, आणि महिन्यांच्या खुणा एका ओळीत येतील अशी रुंदी सारखी करा. दोन्हींना आपापला एकच अक्ष असल्याने खोटा छेद पडत नाही आणि नजर वरून खाली सहज जाते. एक्सेलमध्ये आल्ट की दाबून धरून आलेखाची कड ओढली की ती सेलच्या रेघेला चिकटते, त्यामुळे दोन आलेख जुळवणं सोपं होतं.

पुढच्या आठवड्यापर्यंत एक काम करा. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर आवक आणि सर्वसाधारण दर रोज प्रसिद्ध होतात. तुमच्या जवळच्या बाजार समितीचा कोणताही एक शेतमाल निवडून वर्षभराचे आकडे महिनावार लावा. आधी कॉम्बो चार्ट काढा आणि उजव्या अक्षाची मर्यादा तीन वेळा बदलून पाहा. मग त्याच आकड्यांचे दोन वेगळे आलेख एकाखाली एक मांडा. आवक वाढली की भाव किती पडतो हा प्रश्न तरीही उरेलच, कारण तो महिन्यांचा नसून दोन आकड्यांमधल्या संबंधाचा आहे. त्यासाठी आडव्या अक्षावर आवक आणि उभ्या अक्षावर भाव घेऊन ठिपके मांडावे लागतात. तो स्कॅटर चार्ट पुढच्या भागात पाहू, त्यासाठी हीच फाइल जपून ठेवा.