हजेरी लागली, पण मन लागलं का?

आजचा विषय माझ्या रूममेटमुळे सुचला. तो वसईचा कॅथलिक, मी देगलूरचा. त्याच्या गावात रविवारी मिस्साला जायचं की नाही हा प्रश्नच नसतो, सगळेच जातात. एका रात्री तो म्हणाला, "मी येशूला मानतो म्हणून जातो, की आई विचारेल म्हणून? मलाच कळत नाही यार."

मी हसलो नाही. धुंडामहाराज देगलूरकरांमुळे आमच्या गावाचं नाव कीर्तनाशी जोडलेलं. लहानपणी आजोबांचं बोट धरून मीही कीर्तनाला बसायचो. का, ते कधी विचारलं नाही.

आता पंडिता रमाबाईंचं बघा. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. भोवती अँग्लिकन सिस्टर्स, प्रार्थनेच्या वेळा ठरलेल्या. तरी मोठ्यांनी सांगितलं म्हणून त्यांनी सगळं मान्य केलं नाही. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्या चक्क वाद घालत राहिल्या.

पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं, की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. हे उमगायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं गेली! आणि या आठ वर्षांत त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. १८८९ मध्ये शारदा सदन सुरू केलं होतं. म्हणजे विधी झाले, काम चालू होतं, तरी आत काहीतरी राहिलंय हे त्यांनी लपवलं नाही. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या आणि केडगावचं मुक्ती मिशन वाढलं.

वसईतलंच उदाहरण फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं. २०२० मध्ये उस्मानाबादला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते ते. चर्च भरलेलंच होतं, पण ते तिथेच थांबले नाहीत. वसईची हिरवाई वाचवायला लोकांसोबत रस्त्यावर उतरले.

मला यातून एवढं कळलं: ऑफिसात पंच केलं म्हणजे काम झालं असं नाही, पण म्हणून पंच करणं खोटंही ठरत नाही. रीत आपल्याला दारापर्यंत आणते. आत जायचं का, हे ज्यानं त्यानं विचारायचं. आणि असं विचारणं म्हणजे श्रद्धा सोडणं नव्हे.

परवा रूममेट पुण्यात एकटाच मिस्साला जाऊन आला. आईला सांगितलं का, विचारलं. म्हणाला, "नाही रे. यावेळी माझ्यासाठी गेलो होतो."

तुमच्याकडे असं काय आहे, जे कोणी विचारणार नसलं तरी तुम्ही कराल? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!