केसपेपरवरचा एक शब्द

‘दमा’ हा शब्द आपल्याकडे अजूनही दबक्या आवाजात उच्चारला जातो. मुलीच्या केसपेपरवर तो नको, असे पालक विनवतात आणि काही डॉक्टर नुसते ‘ब्राँकायटिस’ लिहितात. या भिडेची किंमत मला रोगांच्या सांकेतांकांचा अभ्यास करताना उमगली.

सांकेतांक देणारा कर्मचारी रुग्णाला तपासत नाही, तो कागद वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत दम्याचा सांकेतांक ‘जे ४५’ आहे. त्यात ॲलर्जीचा दमा ‘जे ४५.०’, ॲलर्जीविना होणारा ‘जे ४५.१’ आणि प्रकार लिहिलाच नसेल तर ‘जे ४५.९’. नुसते ‘ब्राँकायटिस’ लिहिले, तर १५ वर्षांखालील मुलीची नोंद ‘जे २०’मध्ये, म्हणजे तीव्र ब्राँकायटिसमध्ये जाते. मात्र ‘ॲलर्जिक ब्राँकायटिस’ लिहिले, की तीच नोंद ‘जे ४५.०’मध्ये, दम्यातच येते! एका विशेषणाने आजाराचे घर बदलते.

१ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत ॲलर्जीच्या विकारांना स्वतंत्र विभाग मिळाला आहे. पण वर्गीकरण कितीही नेटके केले, तरी न लिहिलेले निदान त्यात कुठून येणार?

तीव्र ब्राँकायटिस बहुधा काही आठवड्यांत ओसरतो. दम्याला मात्र दीर्घकाळ उपचार लागतात. नोंदीत दमा नसेल, तर पुढच्या डॉक्टरांना जुना आजार दिसत नाही आणि इनहेलरची गरज मोजणाऱ्यांना ती मुलगीच दिसत नाही. शब्द टाळल्याने लोकलाज टळते, धाप टळत नाही.